उलट्या पानांचं पुस्तक

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला टाळ ऐकू येतो, शब्द येत नाहीत. आज देवाची कथा नाही सांगत. म्हणजे देव आहे तिच्यात, पण तो कोपऱ्यात बसून ऐकत होता, मध्ये बोलला नाही. आजची गोष्ट एका खेळाच्या पुस्तकाची आहे. नीट ऐकलीत तर हसाल, आणि घरी जाताना एका माणसाचं नाव बरोबर घेऊन जाल.

मृण्मयी आमच्या छापखान्यात आली तेव्हा मी संगणकावर व्रताची पोथी जुळवत बसले होते. तिनं पोथीच्या कागदांवरच आपली चोपडी ठेवली.

"कुंदाकाकू, हे छापायचंय. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला."

मी चष्मा पुसला आणि चोपडी उघडली. पानाला जुन्या चामड्यासारखा तपकिरी रंग, त्यावर गर्द लाल अक्षरं, दोन रकाने, चारी कोपऱ्यांत तलवारी. अक्षर मुंगीएवढं. मी चष्मा पुन्हा पुसला. दोष चष्म्याचा नव्हता.

"हे काय आहे गं?"

"खेळ आहे. गोष्टीचा खेळ. चार जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही गडाच्या दरवाजाशी आलात, पहारेकरी विचारतोय, कोण तुम्ही? बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेलं असतं. कुणी हेर, कुणी वैदू, कुणी गारुडी. ते आपापल्या डोक्यानं उत्तर देतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. नियम सगळे पुस्तकात."

"आणि एवढं बारीक?"

"बाहेरदेशची पुस्तकं अशीच असतात काकू."

"असतील. तिकडच्या अक्षरांना वर मात्रा नसते आणि खाली उकार नसतो. तुझ्या या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत पाय अडकवून बसलाय बघ. हे वाचणार कोण?"

तिनं चोपडी स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "आजोबा. सूत्रधार तेच होणार."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

तिचे आजोबा म्हणजे आमचे यज्ञेश्वरबुवा. मिरजेपासून तासाभरावर कृष्णेकाठी आमचं गाव, आणि त्या गावात रामाच्या देवळात उत्सवाचं कीर्तन करावं तर बुवांनीच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचं कीर्तन ऐकत होते. पूर्वरंगात ते जरा कोरडे असायचे, खरं सांगते, पण मध्यंतरात गळ्यात हार पडला, बुक्का लागला आणि आख्यान सुरू झालं, की देवळाचे खांबसुद्धा पुढे वाकून ऐकताहेत असं वाटायचं. नंतर डोळ्यांच्या मागचा पडदा बिघडला. सांगलीच्या डॉक्टरांनी आहे तेवढं सांभाळा म्हणून सांगितलं. आणि एका उत्सवात ध्रुवाचं आख्यान रंगात आलं असताना बुवा थांबले. तळहातातलं टिपण डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, दिव्याकडे वळवलं. देऊळ चिडीचूप. शेवटी त्यांनी आरतीची खूण केली आणि आख्यान अर्धं सोडून खाली बसले. त्यानंतर ते उभे राहिले नाहीत. घरातही गोष्ट सांगेनात. मृण्मयी सांगायची, जेवताना फक्त मीठ मागतात.

"तयार झाले ते?" मी विचारलं.

"एका अटीवर. म्हणाले, पुस्तक मला माझ्या डोळ्यांनी वाचता आलं तर बसेन. कुणी कानात सांगायचं आणि मी बोलायचं, असला पोपट मी होणार नाही."

"आणि तू त्यांना हे मुंग्यांचं वारूळ देणार होतीस?"

ती हसली, पण डोळे भरलेले होते. "काकू, हे जमलं नाही तर ते परत कधीच बोलायला बसणार नाहीत. मला माहीत आहे."

आमच्या छापखान्यात माणसं दोनच. मी अक्षरं जुळवायची आणि दस्तगीरभाईंनी छापायचं, बांधायचं. ते माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. अंगानं आडवे, बोलणं मोकळं, कानावर कायम पेन्सिल. त्यांना मी म्हटलं, "आधी बुवांचा डोळा मोजू. लहानापासून मोठ्यापर्यंत अक्षरांचे नमुने काढते, चला माझ्याबरोबर."

बुवा पडवीत खुर्चीवर बसले होते. मी सगळ्यात बारीक अक्षराचा कागद पहिला दिला. बुवांनी तो हातात घेतला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. मृण्मयीनं माझा हात घट्ट धरला. मलाही वाटलं, अरे, डोळे सुधारले की काय रामकृपेनं.

दस्तगीरभाई माझ्या कानाशी वाकले. "वहिनी, कागद उलटा धरलाय त्यांनी."

आणि मग माझ्या लक्षात आलं. आयुष्यभर पोथ्या जुळवून बोटांना सवय लागलेली. नमुना म्हणून मी न बघता स्तोत्रच टाइप केलं होतं. बुवांना ते लहानपणापासून पाठ. कोरा कागद दिला असता तरी त्यांनी फलश्रुतीपर्यंत वाचला असता.

"बुवा," मी म्हटलं, "उद्या परत येते."

"का? नीट वाचलं नाही?"

"फारच नीट वाचलंत."

दुसऱ्या दिवशी मी साखर कारखान्याची ऊसनोंदणीची नोटीस जुळवून नेली आणि बुवांना तसं सांगितलं. ती कुणाला पाठ असण्याचा संभव नव्हता. बुवांनी कागद घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

"कीर्तनकाराला ऊसनोंदणी वाचायला लावता होय?"

"वाचा तर."

"सभा... सभासदांनी आप... हे काय, आपत्ती?"

"आपापल्या," मृण्मयी म्हणाली.

"तू गप्प बस. मला दिसतंय."

दिसत नव्हतं. पुढचा कागद, त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा. जोडाक्षर आलं की बुवा तिथे गाडी थांबल्यासारखे थांबायचे. शेवटी मी इतकं मोठं अक्षर काढलं होतं की एका पानावर चारच ओळी मावत होत्या, आणि दोन ओळींमध्ये एक बोट ठेवता येईल एवढी जागा. तो कागद हातात आल्यावर बुवांनी खुर्ची उजेडाकडे वळवली आणि वाचलं. "सभासदांनी आपापल्या गटाच्या कार्यालयात ऊसनोंदणी वेळेत करावी." एका दमात. मग तेच पुन्हा वाचलं, जरा चाल लावून. दस्तगीरभाई म्हणाले, "बुवा, कारखान्याच्या चेअरमनला कळलं तर दरसाल तुम्हालाच बोलावतील."

बुवा हसले. त्या घरात ते हसणं फार दिवसांनी ऐकू आलं असावं, कारण आतून त्यांच्या सूनबाई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

मग आम्ही पुस्तक नव्यानं मांडलं. मृण्मयीला आधी पटेना.

"काकू, तलवारी काढल्या, तपकिरी रंग काढला, रकाने काढले. आता हे खेळाचं पुस्तक वाटतच नाही. पोथी वाटतेय."

"वाटू दे. पोथी कशासाठी तशी असते, विचार कर. वाचणाऱ्याची मान वर असते, लोकांकडे बघत असतो तो. खाली नजर टाकली की ओळ सापडली पाहिजे. तुझ्या सूत्रधाराचंही तेच ना?"

"पण मोठ्या अक्षरात सगळं कसं मावणार?"

"सगळं मोठं करायचं नाही. जे लोकांना सांगायचं ते मोठं. जे फक्त बघायचं ते लहान."

इथे तिचं डोकं चाललं, माझं नव्हे. ती म्हणाली, "मग पुस्तक उघडलं की उजव्या पानावर गडाच्या एकेका दरवाजाची गोष्ट, मोठ्या अक्षरात. डाव्या पानावर त्याच दरवाजाचे नियम. कुठलाही नियम शोधायला पान उलटावं लागणार नाही." मी तिची पाठ थोपटली. ओळी आम्ही श्वासावर तोडल्या. ती मोठ्यानं बोलायची आणि जिथे तिचा श्वास संपेल तिथे मी ओळ संपवायची. कागद आडवा घेतला, पोथीसारखा, म्हणजे ओळ लांब राहील. समास ऐसपैस ठेवला, बुवांचा अंगठा अक्षरांवर येऊ नये म्हणून.

नियमांचं पान लहान अक्षरात होतं, तेवढीच मला धाकधूक. बुवा ते भिंग लावून वाचणार होते.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी सकाळी दस्तगीरभाईंनी बांधलेली पुस्तकं आणून माझ्या टेबलावर ठेवली. छान शिवण, कडक पुठ्ठा. मृण्मयीनं वरचं उचललं आणि उघडलं. मग दुसरं उघडलं. मग तिसरं.

"दस्तगीरचाचा," ती म्हणाली, "डावं पान उलटं आहे."

"उलटं म्हणजे?"

"डोकं खाली, पाय वर. सगळ्या पुस्तकांत."

दस्तगीरभाईंनी पुस्तक घेतलं, एकदा सरळ बघितलं, एकदा फिरवून बघितलं, आणि स्टुलावर बसले. झालं होतं असं, की पोथीचं पान खालून वर उलटतात, पुस्तकाचं बाजूला. म्हणून पोथी छापताना मागची बाजू डोकं खाली करून छापावी लागते. दस्तगीरभाईंच्या हातात आडवा कागद आला आणि हातांनी पोथी छापली. मग डोक्यानं ते पुस्तक म्हणून बांधलं. मी तपासायला काढलेले कागद एकाच बाजूचे होते, त्यात हे दिसलंच नव्हतं.

"तीस वर्षं आडवा कागद आला की असाच फिरवतोय," ते म्हणाले. "हाताला विचारायचं राहिलं, वहिनी."

परत छापायला ना वेळ होता ना कागद. मृण्मयी पुस्तक छातीशी धरून उभी होती. "आजोबांना सांगते, उद्या नको. ते नाहीतरी कारणच शोधताहेत."

"सांगू नकोस," मी म्हटलं. "मोठी अक्षरं सरळ आहेत ना? बसू दे त्यांना. पुढचं राम बघेल."

हे मी धीरानं म्हटलं, पण मला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात टेबल मांडलं. भाषणं झाली, फुलं झाली, चहा फिरला. खेळायला चौघे हवे होते. मृण्मयी हेर झाली. मी वैदू. तिसरा खेळाडू यायचा होता तो आलाच नाही. दस्तगीरभाई दाराशी उभे होते, बुवांची माफी मागायला आलेले. मृण्मयीनं त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. "तुम्ही गारुडी."

"मला खेळ येत नाही पोरी."

"कुणालाच येत नाही. बसा."

बुवा धोतर नेसून, उपरणं घेऊन आले होते, कपाळाला गंध. मी त्यांच्या बरोबर समोर बसले. त्यांनी पुस्तक मधोमध ठेवलं आणि उघडलं. उजव्या पानावर बोट फिरवलं. मग डाव्या पानाकडे बघून थबकले.

"हे पान काय म्हणतंय? मला काहीच लागत नाही."

मृण्मयी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझी नजर खाली गेली. पुस्तक आमच्या दोघांच्या मध्ये आडवं पसरलेलं होतं, आणि डावं पान माझ्यासमोर सरळ होतं. पहिल्या दरवाजाचे नियम, स्वच्छ वाचता येत होते.

"बुवा, ते पान तुमचं नाही," मी म्हटलं. "माझं आहे. तुम्ही गोष्ट सांगा. नियम मी बघते."

"असं मांडलंय होय?" बुवा म्हणाले. "शहाणी आहे कार्टी."

मृण्मयीनं दस्तगीरभाईंकडे पाहिलं. दस्तगीरभाईंनी छताकडे पाहिलं.

आणि बुवांनी सुरुवात केली. पहिल्या ओळी वाचल्या, जरा दबक्या आवाजात. गड, वाट, दरवाजा. पहारेकऱ्याचा आवाज काढताना मात्र त्यांनी मान वर केली, आणि तो आवाज जुना होता, देवळातला.

"कोण रे तुम्ही? आणि ए गारुड्या, टोपलीत काय आहे?"

"साप आहे सरकार," दस्तगीरभाई म्हणाले. "सकाळपासून उपाशी आहे, जरा चिडलाय. उघडून दाखवू का?"

सभागृह हसलं. मी माझं पान बघितलं. "पहारेकऱ्याला भीती घालायची तर फासा टाका." फासा चांगला पडला. पहारेकरी बाजूला सरकला, आम्ही आत.

पुढच्या दरवाजाला लोक खुर्च्या ओढत टेबलाजवळ आले. बुवा वाचत होते, थांबत होते, वर बघून बोलत होते, पुन्हा पानावर येत होते. हात फिरायला लागले. उपरणं एकदा खांद्यावरून घसरलं, ते त्यांना कळलंही नाही. मी फासे मोजायची आणि नियम सांगायची. मला वाटलं, मी टाळ धरून मागे उभी आहे.

तिसऱ्या दरवाजाशी ते थांबले.

बोट पानावर आलं, एका ओळीवर टेकलं, खाली सरकलं, वर गेलं. ओळ सापडत नव्हती. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. परत ठेवलं. वरच्या ओठावर घाम. मी हे आधी पाहिलं होतं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. माझे हात आपोआप मांडीवर जुळले. मृण्मयीनं मान खाली घातली. बुवांचा हात हळूहळू पुठ्ठ्याकडे गेला, पुस्तक मिटायला.

"बुवा," दस्तगीरभाई म्हणाले, "ती म्हातारी पाणी मागत होती की. देऊ का नको?"

बुवांनी मान वर केली. "कुठली म्हातारी?"

"तुमचीच. पायरीवर बसलेली. हात थरथरतोय म्हणालात तिचा."

"हां. ती."

"मग देऊ पाणी?"

बुवांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आम्हा सगळ्यांकडे. "द्या," ते म्हणाले. "पण ती पिणार नाही. ती ते पाणी उंबरठ्यावर ओतेल आणि विचारेल, आत कुणाला शोधायला आलात?" आणि गोष्ट चालायला लागली.

मृण्मयी माझ्या कानाला लागली. "काकू, म्हातारी पुस्तकात नाहीच."

त्यानंतर बुवांनी पान फार वेळा बघितलं नाही. उलटलं प्रत्येक वेळी, कारण माझे नियम मला हवे होते. दोनदा पुढचं विसरले. एकदा मृण्मयीनं आठवण करून दिली, एकदा मागच्या खुर्चीवरच्या कुणीतरी. शेवटच्या दरवाजाशी फासा वाईट पडला आणि आम्ही सगळे कैदेत गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनी सवयीनं हात जोडून जयजयकार केला आणि सभागृहानं तो उचलला.

चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेले. "अक्षर जमलं ना बुवा?"

"अक्षर उत्तम. हातात धरायला काठी बरी असते." त्यांनी कप खाली ठेवला. "पण कुंदाबाई, एक सांगू? ध्रुवाच्या वेळी मी अडलो. तुम्ही पुढेच बसला होता. पुढची ओळ तुम्हाला येत होती की नाही?"

"येत होती."

"अख्ख्या देवळाला येत होती. मी वाट बघत होतो. आणि तुम्ही सगळे हात जोडून बसलात."

कीर्तनाला उभा राहिलेला माणूस नारदाच्या गादीवर असतो. त्याच्या पाया पडायचं, त्याला हार घालायचा. त्याला मध्ये सांगायचं नाही, अशी आमच्या गावाची रीत. आम्ही त्यांना मान दिला होता, आणि ते त्या मानात एकटे उभे होते.

"हा बघा," बुवांनी दस्तगीरभाईंकडे बोट दाखवलं, "याला रीत माहीत नाही. म्हणून विचारलं यानं." मग त्यांना म्हणाले, "चैत्रात उत्सवाला येशील?"

"मी? येईन की. पण मला त्यातलं काय कळतंय बुवा?"

"कळलं नाही तर विचार."

चैत्रात बुवा उभे राहिले. आख्यान सुदाम्याचं. दस्तगीरभाई दाराजवळच्या खांबाला टेकून बसले होते, कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवलेली. सुदामा द्वारकेला पोचला, कृष्ण धावत आला, मिठी झाली, पाय धुतले. बुवांनी देवाला असं काही हसवलं की आमच्या डोळ्यांना धार लागली. आणि तिथे, त्याच हसण्यात, ते थांबले. टिपणाकडे हात गेला नाही. नुसते उभे राहिले.

देऊळ पुन्हा चिडीचूप. सवय एका दिवसात जात नाही. माझे ओठ हलले, पण आवाज निघेना.

"बुवा," दाराजवळून आवाज आला, "पोहे राहिले की हो. पुरचुंडी अजून काखेतच आहे त्याच्या."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मग बुवाच हसायला लागले. पोट धरून हसले, पेटीवाला हसला, मग सगळं देऊळ. आणि त्या हसण्यातून कुणीतरी पुढची ओळ टाकली, दुसऱ्यानं उचलली, मी उचलली, आणि बुवांनी हात वर करून ती आमच्याकडून घेतली. पोहे त्या दिवशी देवानं आमच्या हातून खाल्ले.

त्यानंतर बुवांनी कितीतरी उत्सव केले. अडायचे, आणि लोक सांगायचे. आमच्या गावात आता तीच रीत आहे. मृण्मयीचं पुस्तक पुन्हा छापायची वेळ आली, तेव्हा दस्तगीरभाईंनी विचारलं, "वहिनी, या वेळी सरळ छापू?" मृण्मयी म्हणाली, "खबरदार चाचा."

आता बुवा नाहीत, दस्तगीरभाईही नाहीत. बुवांची तसबीर देवळात आहे, त्यांना हार मिळतो. दस्तगीरभाईंची तसबीर कुठेच नाही. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते. तुमच्यासमोर कधी कुणी बोलता बोलता अडला, तर हात जोडून बसू नका. हळूच पुढचा शब्द द्या, आणि देताना दस्तगीरभाईंची आठवण काढा.